दोन ते तीन फोन बंद का असतो

दुपारी दोन ते तीन माझा फोन बंद असतो. भिशीतल्या मैत्रिणी, धाकटी जाऊ, खालच्या मजल्यावरच्या वहिनी, सगळ्या फिरून तेच विचारतात: "हार्टचा त्रास आहे ना तुम्हाला, मग दुपारी झोपलेलं चालतं? आणि एवढी झोप येते तरी कशी?" जोर 'एवढी'वर. मी चौतीस वर्षं पोस्टाच्या काउंटरवर काढली. तिथे दुपारी डुलकी लागली तर संध्याकाळी कॅश जुळायची नाही. त्यामुळे हा प्रश्न तुमच्याआधी मीच स्वतःला विचारला होता.

मला एएफ आहे, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन. हृदयाचे वरचे दोन कप्पे नीट आकुंचन पावत नाहीत, नुसते थरथरतात. त्यांच्यात मिनिटाला तीनशेच्या वर विद्युत इशारे उठतात. मधली गाठ त्यातले थोडेच खाली सोडते, तेही वेळी-अवेळी. मनगटावर तीन बोटं ठेवली की कळतं: दोन ठोके घाईत, एक गाळलेला, मग पुन्हा तीन. आमच्या भजनी मंडळात नवीन आलेला टाळकरी अस्साच वाजवतो.

वरचे कप्पे शेवटचा जो रेटा देतात, त्याने खालच्या कप्प्यात साधारण पाचवा हिस्सा रक्त भरतं. वयानं ताठर झालेल्या हृदयाला तर त्या रेट्याची जास्तच गरज. तो नसला की दर ठोक्याला रक्त थोडं कमी पडतं. सकाळी निभून जातं. दुपारी जेवलं की रक्त पोटाकडे वळतं, म्हातारपणी जेवणानंतर बीपीही उतरतं, आणि दोनच्या सुमाराला शरीराचं घड्याळ तसंही सगळ्यांनाच पेंग आणतं. त्यात ठोके आवरणारी गोळी. मेटोप्रोलॉलनं माझे ११०चे ७० केले खरे, पण हातापायात शिसं ओतल्यासारखं व्हायचं.

मग मी शहाणपणा केला. फराळाच्या गडबडीत सुस्ती नको म्हणून चार दिवस गोळी परस्पर बंद. पाचव्या दिवशी चकल्या पाडताना छाती अशी धडधडायला लागली की सोऱ्या हातातून सुटला. नाडी १४०. ही गोळी एकदम तोडली की हृदय उसळी मारतं, हे मला दवाखान्यातल्या खाटेवर कळलं.

डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी विचारलं, "झोप येते की गळून जाता?" मी म्हटलं, एकच की. तर नाही. पेंग आली की डोळे मिटतात आणि वीस मिनिटांनी माणूस टवटवीत होतो. गळाठ्यात डोळे टक्क उघडे असतात, पण ताटावरून उठवत नाही. मला दोन्ही होत होतं आणि मी दोन्हीला 'वय झालं' म्हणत होते.

पुढचे प्रश्न असे: शौचाला काळं होतं का? थायरॉईड कधी तपासलं? रात्री घोरता का? पहिल्यानं मी जरा ओशाळलेच. पण गुठळी होऊन पक्षाघात होऊ नये म्हणून मी रक्त पातळ ठेवायची गोळी घेते. तिच्यामुळे पोटात रक्त झिरपून हिमोग्लोबिन हळूहळू उतरू शकतं, आणि थकवा येतो. माझं ठीक निघालं. थायरॉईडही. घोरण्याचं मी ठाम नाही म्हटलं, तर शेजारी बसलेले हे म्हणाले, "तीस वर्षं सांगतोय मी."

रात्रभर यंत्र लावून तपासलं. श्वास तासाला २६ वेळा अडकत होता! आठ तास झोपते असं मी समजत होते, त्यातली खरी झोप किती, देव जाणे. एएफ असलेल्या बऱ्याच जणांना हा स्लीप ॲप्नियाही असतो. आता रात्री नाकाला मास्क आणि नळी. नातू मला गणपती म्हणतो. दोन तासांची दुपार दोनेक महिन्यांत अर्ध्या तासावर आली. गळाठा मात्र पूर्ण गेलेला नाही. गोळीचा डोस डॉक्टरांनी थोडा कमी केला, तेवढं हलकं वाटतं.

म्हणून व्हॉट्सॲपवर 'दुपारची झोप हृदयाला घातक' असं आलं की मला हसू येतं. त्यामागे स्पेनमधल्या २०,३४८ पदवीधरांची पाहणी आहे. रोज अर्ध्या तासाहून जास्त झोपणाऱ्यांत एएफ जास्त दिसला, इतकं खरं. पण दुपारच्या झोपेनं ठोके बिघडले, की ज्यांचं आतून काही बिघडत होतं त्यांनाच दुपारी जास्त झोप येत होती, हे अशा पाहणीतून ठरत नाही. माझ्या घरात तरी दुसरं खरं होतं.

ह्यांचा आधार चरक: दिवसा झोपू नये. त्याच चरकानं उन्हाळ्यात, आणि वृद्धांना-दुर्बळांना बाराही महिने मोकळीक दिली आहे, तो भाग ते वाचत नाहीत. वामकुक्षीचं मात्र मला जमत नाही. शब्दातच डावी कूस आहे, आणि डाव्या कुशीवर वळलं की माझी धडधड कानात वाजते. एएफवाल्या अनेकांचं असंच असतं. मी उजवीवर झोपते.

तर हो, झोपते. तीस मिनिटांचा गजर लावून. उठल्यावर लगेच उभी राहत नाही, पलंगाच्या कडेला पाय सोडून बसते, कारण भोवळ येऊन पडले आणि डोक्याला लागलं तर पातळ रक्त थांबायचं नाही. झोप अचानक वाढली तर तारीख डायरीत लिहून डॉक्टरांना दाखवते. दम लागला, छाती दडपली, तोंड वाकडं झालं किंवा बोलणं अडखळलं, तर मात्र 'जरा पडून बघू' नाही, थेट १०८.

बाकी फोन तीननंतर करा. अगदीच घाई असेल तर ह्यांच्या नंबरवर. ते दुपारी झोपत नाहीत, पेपर वाचतात. पेपर तोंडावर असतो, म्हणून उचलायला वेळ लागतो.