कॅरिन पोलवर्टचा ‘ट्रेसेस’ : चार फेऱ्यांची नोंद

कॅरिन पोलवर्ट ही स्कॉटिश लोकगायिका. तिचा हा अल्बम २०१२ चा, गाणी दहा. तो चारदा, दर फेरीला वेगळ्या गोष्टीकडे कान लावून ऐकायचा, त्याची ही नोंद. निर्माता इयन कुक. हाच पुढे ‘चर्चेस’ या इलेक्ट्रॉनिक बँडमधून जगभर पोचला. गिटारवर कॅरिनचा भाऊ स्टीव्हन, अ‍ॅकॉर्डियनवर स्कॉटलंडच्या फेअर आयल बेटावरची इंगे टॉमसन. कॅरिन स्वतः गाते, टेनर गिटार वाजवते, आणि तिच्या वाद्यांत चक्क आपली सूरपेटी आणि हार्मोनियमही आहे. ‘स्कॉटिश लोकसंगीत’ म्हटल्यावर बॅगपाइप आणि फिडलची धमाल डोळ्यांसमोर ठेवून बसलात, तर पहिल्याच गाण्याला चुकामूक होईल. हा हळू आवाजातला अल्बम आहे, आणि त्याची सगळी ताकद तळाशी धरून ठेवलेल्या सुरात आहे.

फेरी पहिली, मांडणी. शफल बंद, गाणी ओळीनेच. काही अ‍ॅप्स शफलमध्ये प्रत्येक गाण्याची पातळी वेगवेगळी मोजून सारखी करतात. ओळीने लावलं की अख्ख्या अल्बमला एकच माप लागतं आणि दबकं गाणं दबकंच राहतं. बेस बूस्ट काढा. अ‍ॅकॉर्डियन आणि हार्मोनियमचे खालचे सूर साधारण १५० ते ३०० हर्ट्‌झच्या पट्ट्यात दाट असतात. तिथे फुगवटा दिला की शब्दांच्या कडा बुजतात. मोबाइलच्या स्पीकरवर उलटा घोटाळा होतो. मूळ सूर जवळजवळ गायब, वरचे स्वरांश तेवढे उरतात आणि गाणं पातळ वाटतं. कान झाकणारे साधे वायरचे हेडफोन पुरेसे आहेत. आणि छताचा पंखा बंद करा. त्याची घरघर नेमकी याच पट्ट्यात बसते, त्यामुळे भात्याचा श्वास, म्हणजे दाब बदलताना सूर किंचित हलतो तो, ऐकूच येत नाही.

फेरी दुसरी, षड्ज. एका वेळी एकच गाणं घ्या. शेवटचा सूर विरत असताना तो गुणगुणत धरा आणि ट्यूनर अ‍ॅपवर पट्टी पाहा. इथे हमखास होणारी चूक म्हणजे पंचमालाच षड्ज समजणं, कारण धरलेल्या सुरात बऱ्याचदा दोन्ही असतात. खात्री करायची तर शेवटच्या कॉर्डमधला गिटारचा सर्वांत खालचा सूर ऐका. बहुतेक वेळा तोच आधार असतो.

पट्टी सापडली की हात आपोआप तानपुऱ्याच्या अ‍ॅपकडे जातो. लावून बघा, पण अगदी हळू, आणि काय बिघडतं ते नीट ऐका. खर्जाच्या तारेतून जो स्वयंभू गंधार उमटतो तो शुद्ध गुणोत्तराचा. गिटार आणि अ‍ॅकॉर्डियनचा गंधार समान अंतराच्या सप्तकातला, म्हणजे सुमारे १४ सेंट चढा (लगतच्या दोन स्वरांत, म्हणजे अर्ध्या स्वरात, १०० सेंट). दोन्ही एकत्र आले की सुरात थरथर येते, आणि कान उगाच गायिकेला दोष देतो. तानपुरा काढून सूरपेटीचे सा आणि प एवढेच ठेवले तर ही घासाघीस पुष्कळ कमी होते.

आपल्या कानांची आणखी एक सवय इथे आडवी येते. खाली सूर धरलेला आहे म्हणजे वर विस्तार होणार, अशी वाट आपण पाहतो. तसं इथे होत नाही. चाल कडव्यागणिक जवळपास तीच राहते आणि पुढे सरकते ती गोष्ट. जुन्या बॅलडची, म्हणजे गोष्ट सांगणाऱ्या लोकगीताचीच ही रीत. कॅरिन आधी ‘मॅलिंकी’सारख्या गटांतून पारंपरिक बॅलड गायलेली आहे, ते इथे कळतं. त्यामुळे आलापाकडे लावलेला कान काढून कडव्याच्या शेवटच्या ओळीवर लावा.

फेरी तिसरी, ठिकाणं. नकाशा उघडा ठेवा. या फेरीने सर्वांत जास्त हाती लागतं. ‘कव्हर युअर आइज’मागे अ‍ॅबरडीनच्या उत्तरेचा मेनीचा किनारा आहे. तिथल्या सरकत्या वाळूच्या टेकड्यांवर ट्रम्प यांचं गोल्फ मैदान झालं. मैदान जुलै २०१२ मध्ये उघडलं आणि पुढच्याच महिन्यात अल्बम आला. २०२० मध्ये त्या टेकड्यांच्या काही भागाचा संरक्षित दर्जाही काढून घेतला गेला. हे माहीत झाल्यावर गाण्यातला संताप इतका शांत का ठेवलाय, याचा विचार सुरू होतो. माझ्या मते तो शांत आहे म्हणूनच टोचतो.

‘किंग ऑफ बर्ड्‌स’ भाषांतराच्या अ‍ॅपला झेपत नाही. गरुडाच्या पिसांत लपून त्याच्याहून उंच जाणारा रेन हा इवलासा पक्षी, आणि लंडनचं सेंट पॉल्स कॅथीड्रल बांधणारा क्रिस्टोफर रेन: नाव एकच. त्याच कॅथीड्रलसमोर ऑक्टोबर २०११ ते फेब्रुवारी २०१२ आर्थिक विषमतेविरुद्धच्या ‘ऑक्युपाय’ आंदोलकांचे तंबू होते. पक्षी, वास्तुकार आणि तंबू हे तिन्ही एकदम मनात धरून ऐका.

‘वी आर ऑल लीव्हिंग’मध्ये डार्विन आहे, पण शास्त्रज्ञ म्हणून कमी आणि बाप म्हणून जास्त; १८५१ मध्ये त्याची दहा वर्षांची अ‍ॅनी गेली. ‘सॉल्टर्स रोड’ ही फोर्थच्या खाडीवरून मीठ आत नेण्याची जुनी वाट. आपली मिठागरं उन्हावर चालतात. तिथे समुद्राचं पाणी मोठ्या लोखंडी कढयांत कोळशावर आटवत. ‘टिन्सेल शो’मधली रोषणाई ग्रेंजमाउथच्या तेलशुद्धीकरण कारखान्याची. कॅरिन वाढली ते बँकनॉक तिथून जवळच. एप्रिल २०२५ मध्ये तिथलं शुद्धीकरण बंद पडलं, त्यामुळे लहान मुलाच्या डोळ्यांनी पाहिलेली ती झगमग आज वेगळीच ऐकू येते.

फेरी चौथी, फक्त आवाज. शब्द आता ओळखीचे झालेत, तेव्हा ‘र’ ऐका. स्कॉटिश उच्चारात तो शब्दाच्या शेवटीही जिभेवर वाजतो, आपल्या ‘र’सारखाच, आणि लांब सुराच्या टोकाला बारीकशी गाठ मारतो. त्यानंतर इंगेचा मागचा गळा वेगळा काढून पाहा. डावा-उजवा हेडफोन आळीपाळीने काढला की काही ठिकाणी तो सहज सुटा होतो. ‘हाफ अ माइल’मध्ये हा प्रयोग अजून जमलेला नाही, पाचवी फेरी त्या एकाच गाण्याची, रात्री, अगदी कमी आवाजात.