तुम्ही विचारलंत म्हणून: भरताच्या गावची असून झालूक कशाला?

परवा चुलत जावेकडे पुन्हा तेच झालं. मी झालूकचा डबा नेला होता. मामींनी भाकरीच्या तुकड्यावर थोडं घेतलं, चाखलं आणि म्हणाल्या, "भरीतच आहे की हे. टोमॅटो कशाला घातलास त्यात?" मग मागून जाऊबाई: "जळगावची ना तू? घरचं सोनं सोडून हे मोरोक्कोचं काय घेऊन बसलीस?" वहिनी विचारते, नणंद विचारते, सोसायटीतल्या काकू विचारतात. चार वर्षं मी हसून विषय बदलत आले. आता एकदाच सगळं लिहिते. पुढच्या वेळी कोणी विचारलं तर हेच वाचायला देईन.

आधी सरळ उत्तर. झालूक म्हणजे वांगं-टोमॅटोचं मोरोक्कन तोंडीलावणं, ते भरीत नाही. भरतात वांगं राजा असतं, बाकी सगळे त्याच्या सेवेला. आमच्याकडे हिरवट-पांढरी लांबोडकी वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजतात. धूर आत शिरतो, साल सहज सुटते. मग हिरवी मिरची-लसूण ठेचून, पात घालून, शेंगदाणे पेरून, कळण्याच्या भाकरीबरोबर गरम गरम खायचं. जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते उगाच नाही. मी ते सोडलेलं नाही. चंपाषष्ठीला आमच्या घरी भरीत-रोडगाच असतो आणि असणार.

झालूकमध्ये वांगं आणि टोमॅटो एकमेकांत इतके विरघळतात की कोण कुठला ते कळू नये. ते बहुधा गरम खात नाहीत. करून ठेवायचं, निवू द्यायचं. दुसऱ्या दिवशी आणखी चांगलं लागतं. मोरोक्कोत जेवायला बसलं की आधी छोट्या छोट्या बशा मांडतात: जिऱ्याचं गाजर, बीट, भोपळी मिरची आणि टोमॅटोचं ताकतुका, आणि झालूक. मुख्य पदार्थ येईपर्यंत गोल पावाचा, खोब्जचा, तुकडा मोडून त्यानेच खायचं. आपल्या ताटाची डावी बाजू जेवणाआधीच येऊन बसावी, तसं. ट्युनिसमध्ये याच जातीचं अजलूक करतात, त्यात कॅरवे, म्हणजे जिऱ्यासारखं एक बी, आणि हरिसा, म्हणजे लाल मिरचीचं वाटण. इजिप्तमध्ये वांग्यात लसूण-मिरची भरून ती व्हिनेगरमध्ये मुरवतात. तेव्हा "उत्तर आफ्रिकेचं वांगं" असं एक काही नसतं, जसं "भारतीय भाजी" असं काही नसतं.

हे सगळं मला आधीपासून कळत होतं असं नाही. २०१७ मध्ये आम्ही कासाब्लांकाला गेलो. ह्यांची नोकरी खताच्या व्यवहारातली, आणि भारतातल्या खतासाठी लागणारं फॉस्फेट मोठ्या प्रमाणात मोरोक्कोतून येतं. मारिफ भागात तिसऱ्या मजल्यावर घर मिळालं. समोरच्या दारात एक म्हातारी बाई राहायच्या. मक्केला जाऊन आलेल्या, म्हणून सगळे त्यांना हज्जा म्हणायचे, मीही म्हणायचे. माझी दारिजा, म्हणजे तिथली बोली अरबी, बाजारापुरती, त्यांना फ्रेंच फारसं येत नव्हतं. आमचं बोलणं भाज्यांच्या नावांवर चाले. दंजाल म्हणजे वांगं, मातिशा म्हणजे टोमॅटो. संस्कृतातलं वातिंगण फारसीत बादिंगान झालं, अरबीत बाझिंजान आणि मोरोक्कोत दंजाल, हे मला पुढे कळलं. आपलं वांगंही त्याच घरचं. आपलंच पीक इराणातून, अरबांच्या हातून एवढ्या लांब गेलं, आणि टोमॅटो अमेरिकेतून त्यांच्याकडेही नवा आणि आपल्याकडेही नवा. मामींना हे सांगितलं तर त्या म्हणतील, "मग काय झालं?" बरोबर आहे. माझ्या उत्तराचा तो भाग नाहीच.

पहिल्यांदा हज्जांनी झालूक दिलं तेव्हा मी काय म्हटलं तेही लिहिते, कारण आज जे मला म्हणतात त्यांच्यावर मी चिडते आणि तेव्हा मी त्यांच्याहून वाईट बोलले होते. दार लावलं आणि ह्यांना म्हणाले, "बिघडलेलं भरीत आहे." दुसऱ्या दिवशी त्यांना दाखवायला माझं "नीट" भरीत केलं. तिथली जाड सालीची जांभळी वांगी गॅसवर भाजली, मोहरी-जिऱ्याची खमंग फोडणी दिली. हज्जांनी खाल्लं आणि मला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं.

शुक्रवार होता, तिथला कुसकुसचा, म्हणजे रव्याच्या वाफवलेल्या कण्यांचा दिवस. कुसकुस वाफवायच्या उंच भांड्यावर केस्कास म्हणजे भोकांची चाळण असते. तिच्यावर त्यांनी वांग्याचे तुकडे वाफवायला ठेवले. साल पूर्ण काढायची नाही, एक पट्टा सोडून एक काढायची, म्हणजे गराला थोडा घट्टपणा राहतो. टोमॅटो मधून कापून किसणीवर किसले. साल हातात उरली, रस खाली. मग थंड कढईत ऑलिव्हचं तेल, टोमॅटोचा कीस, ठेचलेला लसूण, जिऱ्याची पूड, मीठ आणि तहमिरा, सगळं एकदम. गॅस त्यानंतर पेटवला. मी फोडणीसाठी हात पुढे केला तर त्यांनी तो धरला. तहमिरा ही गोडसर लाल मिरचीची पूड, तापलेल्या तेलात क्षणात करपते आणि सगळं कडू करते. लसणालाही लाल होऊ द्यायचं नाही. मग वांगं लाकडी चमच्याने चेपत चेपत आत घालायचं आणि पाणी आटून कडेला तेल सुटेपर्यंत हलवत राहायचं. अर्धा तास. शेवटी मूठभर कोथिंबीर आणि पार्सली, लिंबाचे चार थेंब.

माप विचारता म्हणून: दोन मोठी जांभळी वांगी, चार पिकलेले टोमॅटो, चार पाकळ्या लसूण, दीड चमचा तहमिरा, एक चमचा जिरेपूड, चार मोठे चमचे तेल. पुण्यात तहमिरा मिळाली नाही तर काश्मिरी मिरचीची पूड घ्या, पण कमी. आपली भरताची वांगी घेऊ नका. मी करून बघितलंय. ती इतकी मऊ आहेत की भरीतच होतं, आणि मग तुमचा प्रश्न बरोबर ठरतो.

आता जे सांगायचं आहे ते.

मार्च २०२० मध्ये मोरोक्कोने विमानं बंद केली, आठवड्याभरात भारतानेही. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात रात्री साडेबाराला भावाचा फोन आला. तिकडे पहाटेचे पाच वाजले होते. बाबा झोपेतच गेले. कोरोनाने नाही, हृदयाने. भावाने फोन खिशात उभा ठेवून मला स्मशानापर्यंत नेलं. सहा माणसं होती. मला बहुतेक वेळ आभाळ दिसत होतं आणि भावाचा श्वास ऐकू येत होता.

माझे बाबा हिवाळ्यात शेतात स्वतः वांगी भाजायचे. आईला हात लावू द्यायचे नाहीत. काड्यांचा ढीग पेटवून, वांगी उलटून-पालटून, धोतराच्या सोग्याने कपाळ पुसत. भरतात कोणी टोमॅटो घातला तर ते पानावरून उठले नसते, पण पुन्हा त्या घरी जेवलेही नसते.

सकाळी हज्जांना कळलं. भिंती पातळ होत्या. दहाच्या सुमाराला दार वाजलं. त्या लांब उभ्या होत्या, तोंडावर ओढणीचा पदर, आणि खाली उंबऱ्याजवळ एक पाव आणि वाडगा ठेवलेला. "अल-बरका फ रासिक," त्या म्हणाल्या. तिथे दुखवट्याला असंच म्हणतात. मग "मिस्कीना", बिचारी, म्हणाल्या आणि हात छातीवर ठेवला. ज्या घरी माणूस जातं त्या घरी चूल पेटवू देत नाहीत, शेजारी अन्न आणतात. आपल्याकडे पिठलं-भात येतो, तसं. मी मांस खात नाही हे त्यांच्या लक्षात होतं.

तो वाडगा मला आजही दिसतो. साफी गावची माती, हिरवी झिलई, काठाला एक टवका उडालेला. झालूक चमच्याच्या पाठीने गोल गोल सारखं केलेलं, त्या रेघांत तेल साचलेलं, मधोमध खारवलेल्या लिंबाच्या सालीचे चार पिवळे तुकडे.

मी ते खाल्लं नाही.

आत नेलं, ओट्यावर ठेवलं, ताट झाकलं. ह्यांना म्हणाले, सुतकात लसूण कसा खायचा. मग म्हणाले, बाहेरचं अन्न, रोग पसरलाय, मुलाला काही झालं तर? दोन्ही खोटं नव्हतं. त्या दिवसांत आम्ही दुधाच्या पिशव्याही साबणाने धूत होतो. पण सुतक मी इतर कशात पाळलं नव्हतं. रात्री मुलासाठी फोडणीचं वरण केलंच होतं. खरं असं होतं की झाकण उचललं की वांग्याचा वास यायचा. त्यात धूर नव्हता. मला धूर हवा होता, आणि तो नसल्याचा मला त्या म्हाताऱ्या बाईवर राग आला. वांगंच का आणलं तिने? दुसरं काही आणलं असतं तर मी खाल्लं असतं, असं मी कितीदा तरी स्वतःला सांगितलंय. मला खात्री नाही.

तिसऱ्या दिवशी प्लास्टिकच्या पिशवीत ते ओतलं, दोन गाठी मारल्या आणि कचऱ्यात टाकलं. पावही. वाडगा दोनदा साबणाने घासला, पुसला, त्यांच्या दारापाशी ठेवला, कडी वाजवली आणि त्यांनी उघडायच्या आत घरात आले.

रिकामा.

आई आम्हाला लहानपणी शेजारी वाटी परत द्यायला पाठवायची तेव्हा काही नसलं तर चिमूटभर साखर घालायची. रिकामं भांडं परत जाऊ नये, हे मला चालता येऊ लागलं तेव्हापासून माहीत आहे. घरात साखर होती, खजूर होते, सकाळी भिजवलेले बदाम होते. मी दाराच्या भोकातून बघितलं. हज्जांनी वाडगा उचलला, आत बघितलं, आमच्या दाराकडे बघितलं आणि दार लावून घेतलं. तिकडे रिकाम्या भांड्याचा तसाच अर्थ होतो का, हे मी कुणा मोरोक्कन माणसाला कधी विचारलेलं नाही. मला उत्तर नको आहे.

तेव्हाची मी म्हणते, बाप गेला होता, हजारो मैलांवर अडकले होते, कोणाच्या वाडग्याचा हिशेब कोण ठेवतं? आणि आताची मी म्हणते, हिशेब नव्हताच तो, तिने तर लांब उभं राहून हात छातीवर ठेवला होता. दोघींचं पटत नाही. कधी पहिली बरोबर वाटते, कधी दुसरी.

जुलैत प्रवास सुरू झाल्यावर त्यांची मुलगी आली आणि त्यांना मेकनेसला घेऊन गेली. मी खाली उतरून निरोप दिला. त्यांनी माझ्या मुलाचा मुका घेतला. वाडग्याचा विषय निघाला नाही. पुढच्या वर्षी आम्ही पुण्याला आलो. दोनदा फोन केला. "लाबास? लाबास." म्हणजे बरं आहे ना? बरं आहे. तब्येत बरी, मुलगा मोठा झाला, अल्लाची कृपा. जे सांगायचं होतं त्याला लागणारे शब्द माझ्या दारिजात नाहीत, आणि मुलीला मध्ये घालून सांगायची ही गोष्ट नाही.

म्हणून मी झालूक करते. महिन्यातून दोनदा, कधी जास्त. तुम्हाला वाटतं मी परदेशाचं मिरवते. मिरवत असते तर निदान मुलांना आवडेल असं काही निवडलं असतं. जाऊबाई म्हणाल्या, "एवढंच आहे तर कधीतरी कर, सारखं कशाला?" त्याला माझ्याकडे उत्तर नाही. त्या वाडग्यातलं जे टाकलं ते अशाने भरून निघत नाही, हे मलाही कळतं. पण टोमॅटो किसताना साल हातात राहते ना, त्या क्षणी मी त्या स्वयंपाकघरात असते, आणि तिथे अजून काही बिघडलेलं नसतं.

गेल्या रविवारी आई आली होती. मी भरीतही केलं होतं आणि झालूकही, दोन वाट्या शेजारी शेजारी. तिला वाडग्याची गोष्ट माहीत नाही. हे वाचलं तर कळेल. तिने भरीत खाल्लं, मग झालूक भाकरीवर घेतलं, सावकाश चावलं.

"चांगलं आहे," ती म्हणाली. "तुझ्या बाबांना चाललं नसतं."

मी तिला आणखी वाढलं.