तीन लाख पार!

आज गाडीने तीन लाख किलोमीटर पार केले. मन भरून आलं. सकाळीच सर्व्हिसिंगला नेली होती. गॅरेजवाल्या काकांनी डिपस्टिक (इंजिनातलं ऑइल मोजायची पट्टी) पुसून पुन्हा आत घातली, बाहेर काढून ऑइल दोन बोटांत चोळून पाहिलं आणि म्हणाले, "इंजिन अजून खणखणीत आहे." जुन्या एअर फिल्टरमधली माती पाहिल्यावर कळतं, आपल्या रस्त्यांवर इंजिन काय काय गिळतं ते!

अमेरिकेतले विज्ञानशिक्षक अर्व्ह गॉर्डन यांनी १९६६ साली नवी व्हॉल्व्हो पी१८०० घेतली आणि २०१३ मध्ये त्याच गाडीवर ३० लाख मैल पूर्ण केले, म्हणजे ४८ लाख किलोमीटर! मॅन्युअलप्रमाणे वेळच्या वेळी सर्व्हिसिंग, एवढंच ते सांगायचे.

माझ्या मते सगळ्यात जास्त दुर्लक्ष कूलंटकडे, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाकडे होतं. लोक साधं नळाचं पाणी ओततात, आतून गंज धरतो, रेडिएटर चोंदतो आणि मग घाटात गाडी तापली की हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनच्या दोन भागांमधलं सील, जातं. तो खर्च फार मोठा.

काकांनी खालचे बुश, म्हणजे चाकांजवळच्या सांध्यांतली रबरं, दाखवलेत, रबराला चिरा पडल्यात. पुढच्या महिन्यात ते बदलून घेणार, आणि मग गाडी घेऊन सगळे कोकणात!