आबा, चला की, बदामी राहिलीय अजून

बदामी, पट्टदकल, ऐहोळे, ही चालुक्यांच्या देवळा-लेण्यांची तीन गावं, एका दिवसात होतं का, असा फोन आम्हा गाडीवाल्यांना सीझनला सारखा येतो आणि मी होतं म्हणतो, कारण होतंच, फक्त मी लावलेल्या क्रमानं जायची तयारी पाहिजे. बेळगावहून पहाटे निघायचं, यरगट्टी, लोकापूर, बागलकोट करत आधी लांबचं ऐहोळे गाठायचं, मग मागं फिरत पट्टदकल आणि ऊन उतरायला लागलं की बदामी. सगळे आधी बदामी करतात, कारण नाव मोठं. पण दुपारी तिथल्या पायऱ्या चढून बघा एकदा, दगड नुसता भाजून काढतो, वर ती माकडं हातातली पिशवी सोडत नाहीत. चार-साडेचारला गेलं की उन्हं कलती असतात, तांबडा डोंगर पेटल्यासारखा दिसतो आणि पार्टी खूश होते. पार्टी खूश तर पुढचा फोन येतो, आमचा धंदा असाच चालतो.

तर संक्रांत होऊन गेली होती, थंडी होती अजून, आणि एका मुलानं पुण्याहून फोन करून गाडी बुक केली. आयटीत आहे, वडलांना फिरवायचंय म्हणाला, ते कधी कुठं गेले नाहीत. गाव बाचीच्या अलीकडं, म्हणजे आमच्याच भागातलं, महाराष्ट्राची हद्द तिथनं हाकेच्या अंतरावर. मी रेट सांगितला, आउटस्टेशनला मिनिमम ३०० किलोमीटर, ही ट्रिप त्याच्या वरच जाते, आणि भत्ता वेगळा. त्यानं घासाघीस केली नाही, पुण्याची पार्टी सहसा करत नाही, तेवढं एक बरं असतं.

पहाटे घरासमोर गाडी लावली तर आबा धोतर, टोपी, वर स्वेटर असे आधीच कट्ट्यावर येऊन बसलेले. कट्ट्याला टेकून चार-पाच पाटे उभे केलेले आणि एक अर्धवट जातं पडलेलं. मी विचारलं, आबा धंदा हाच काय? म्हणाले, "व्हता. आता मिक्सर हाय की सगळ्यांकडं." उभा जन्म काळा दगड फोडण्यात गेलेला माणूस, जाती, उखळं, तुळशीवृंदावनं, गावातल्या देवळाच्या पायऱ्यासुद्धा त्यांच्याच हातच्या. हाताची बोटं बघितली मी, नखं कुठं आणि कातडं कुठं ते कळत नव्हतं.

गाडीत बसल्यावर मुलानं मोबाईलमध्ये लिस्ट काढली. ऐहोळे दोन तास, पट्टदकल दीड तास, जेवण अर्धा तास, बदामी दोन तास, मग बनशंकरी, परत. मी मनात म्हटलं प्लॅन चांगलाय. हा रायचूर-बाची रस्ता, म्हणजे आबांच्या गावाच्या बाजूनं निघतो तो सरळ अमीनगडपर्यंत नेऊन सोडतो, तिथून ऐहोळे आलंच. यरगट्टीत इडली-वडा आणि चहा झाला, पुढं काळी जमीन सुरू झाली, दोन्ही बाजूला जोंधळा उभा, आबा काच खाली करून बसलेले, गार वारा आत आणि मुलगा शाल गुंडाळून झोपलेला.

ऐहोळ्यात माझं एक ठरलेलं भाषण असतं. मी लायसनवाला गाईड नव्हे, पण इतकी वर्षं ऐकून ऐकून पाठ झालंय. वर मेगुती डोंगरावर जैन मंदिर आहे, त्याच्या भिंतीवर रविकीर्तीचा शिलालेख, शके ५५६ म्हणजे इसवी सन ६३४, चालुक्य राजा दुसऱ्या पुलकेशीनं हर्षाला हरवल्याचं त्यात लिहिलंय आणि कालिदासाचं नावही आहे. मग मी हळूच टाकतो की पुलकेशी तीन महाराष्ट्रकांचा, ९९,००० गावांचा राजा होता असंही त्यातच आहे, आणि राजधानी बदामी! म्हणजे सीमाप्रश्न तेव्हा नव्हता. पुण्या-मुंबईची पार्टी इथं हमखास हसते. मुलगा हसला. आबांचं लक्षच नव्हतं.

आबा लाडखान देवळाच्या छपराकडं मान वर करून उभे. दुर्ग मंदिराकडं, जे सगळ्या फोटोत असतं, मागून गोल, हत्तीच्या पाठीसारखं, तिकडं मुलगा बोलवायला लागला तरी हलेनात. मला म्हणाले, ए पोरा, हिकडं ये. छपराच्या फरशा उतरत्या लावल्यात आणि दोन फरशांच्या सांध्यावर लांबच्या लांब दगडी पट्टी बसवलीय, लाकडाचा वासा ठेवावा तशी. "पावसाचं पाणी सांध्यातनं आत येऊ नये म्हणून हाय ती. सुताराचं काम दगडात केलंय बघ." मी त्या देवळासमोर किती वेळा उभा राहिलोय आणि मला त्या पट्ट्या म्हणजे नक्षी वाटायच्या. आत वर जायला दगडाचीच शिडी आहे, एका लांब दगडात पायऱ्या खोदून तिरका टेकवलेला, ती बघून तर आबा हसायलाच लागले. "ह्येला म्हणत्यात डोस्कं."

मेगुतीच्या पायऱ्या ते चढणार नाहीत असं मुलाला वाटलं होतं, गुडघे दुखतात म्हणे. चढले. दमत, बसत, पण चढले, आणि शिलालेखाला एक नजर देऊन सरळ मागच्या खडकावर गेले. तिथं खडकात ओळीनं चौकोनी खाचा पाडलेल्या दिसल्या त्यांना. बोट घालून खोली बघितली, दोन खाचांमधलं अंतर वितीनं मोजलं. "पाचर मारायची जागा. सगळ्यास्नी सारखा घण मारत जायचं, एकच पाचर हाणत बसायचं न्हाई, न्हाईतर चीर वाकडी जाती." मग शेजारच्या खडकाचा तुटलेला काठ दाखवला, तिथं त्याच खाचांचे अर्धे भाग राहिलेले, म्हणजे तो तुकडा निघून कुठंतरी गेलेला. खाचा त्या काळच्या की नंतरच्या कुणाच्या, ते काय त्यांच्यावर लिहिलेलं नाही, पण आबांना फरक पडत नव्हता. "आमी बी असंच काढतोय की."

तिथंच दीड वाजला.

मुलगा आता घड्याळ बघायला लागला. त्याचंही बरोबर होतं, सुट्टी काढून आलेला, पैसे मोजलेले, आणि परत-परत कोण येतंय इतक्या लांब. मला म्हणाला, मामा तुम्ही सांगा ना त्यांना. मी सांगितलं, आबा चला की, बदामी राहिलीय अजून. चल म्हणाले आणि खाली येताना परत एका पडक्या देवळाशी थांबले.

पट्टदकल तिथून १३-१४ किलोमीटर. १९८७ पासून युनेस्कोच्या यादीत आहे, त्यामुळं हिरवळ बिरवळ एकदम टापटीप. मलप्रभा नदी इथं उत्तरेला वळते, म्हणून चालुक्य राजांचे पट्टाभिषेक इथं व्हायचे असं सांगतात. ही मलप्रभा आमच्या खानापूर तालुक्यातली, कणकुंबीत उगम, हे मी प्रत्येक पार्टीला सांगतो, आपल्या घरचं पाणी इथपर्यंत आलंय म्हणून. एरवी मी तिकिटं काढून देतो आणि गाडीत सीट मागं करून झोपतो, तेवढीच झोप मिळते, परतीचं ड्रायव्हिंग रात्रीचं असतं ना. त्या दिवशी झोपायला गेलो नाही. आबांनी हात धरून आत नेलं म्हटलं तरी चालेल.

संगमेश्वर देऊळ तिथलं सगळ्यात जुन्यांपैकी, विजयादित्य राजाचं, पण अर्धवट राहिलेलं. लोक त्याच्यासमोर थांबत नाहीत, दोन मिनिटांत विरूपाक्षाकडं पळतात. आबा तिथं अर्धा तास. भिंतीतल्या एका कोनाड्यात नुसता ओबडधोबड आकार आहे, डोकं कुठलं आणि खांदा कुठला एवढंच कळतं. "आधी भिंत रचायची, दगड मोठा ठेवायचा, आणि मग जागेवर उभं ऱ्हाऊन मूर्ती काढायची. खाली करून वर चढवायची न्हाई." म्हणजे पुरं झालेलं देऊळ बघून जे कळत नाही ते ह्या अर्धवटातनं कळतं. मग भिंतीच्या दगडावरच्या बारीक रेघा दाखवल्या, वाळूच्या दगडाला थर असतात, ते सगळे आडवे होते. "खाणीत जसा निजलेला तसाच भित्तीत निजवलाय. उभा लावला असता तर पापुद्रं सुटलं असतं." सांध्यात नख घालून बघितलं, चुना नाही काही नाही, दगडावर दगड नुसता.

मुलगा मोबाईलवर शूट करत होता, तो म्हणाला, खरंच, टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही. आबा फिस्सकन हसले. "दगुड काय सोसतोय रं? मनगाट सोसतंय."

विरूपाक्षात अजून पूजा चालते, त्यामुळं आत अंधार, तेलाचा वास, आणि समोरच्या मंडपात मोठा नंदी लाल कापड घालून बसलेला. ह्या देवळाची हकीकत अशी की विक्रमादित्य दुसरा, त्यानं कांचीच्या पल्लवांना हरवलं, त्याच्या आठवणीला राणी लोकमहादेवीनं हे बांधून घेतलं, इसवी सन ७४० च्या सुमाराला. शेजारचं मल्लिकार्जुन त्याच राजाच्या दुसऱ्या राणीचं, तीही हिचीच बहीण. आबांनी नंदीच्या पायावर हात फिरवला, बोटानं टिचकी मारून आवाज ऐकला. "ह्यो इथला दगड न्हवं." बाकी सगळं देऊळ तांबूस-पिवळ्या वाळूच्या दगडाचं आणि नंदी काळपट-हिरवा, एकदम गुळगुळीत. "घट्ट हाय. आमच्यासारखा. ह्येला छिन्नी लावायची म्हंजे चार घावाला एकदा धार करायला लागती."

तेवढ्यात पूर्वेच्या दाराशी एक गाईड दुसऱ्या ग्रुपला कन्नडमध्ये सांगत होता. आबांना कन्नड येतंय, आमच्या भागात सगळ्यांनाच थोडंफार येतं. तो सांगत होता की इथं लेख आहे, देऊळ ज्यानं बांधलं त्या स्थपतीचं नाव गुंड, अनिवारिताचारी म्हणायचे, राजानं त्याला मानाचा पट्ट बांधला आणि त्रिभुवनाचार्य पदवी दिली. मला हे माहीत होतं, पण पार्ट्यांना मी राजा-राणीच सांगतो, मिस्त्रीचं नाव कोण विचारतंय. आबा ग्रुपमध्ये घुसले आणि गाईडला म्हणाले, कुठं लिहिलंय दाखव. त्यानं दाखवलं. आबांना लिहायला-वाचायला येत नाही, आणि ती जुनी लिपी तर मलाही येत नाही, पण ते जवळ जाऊन अक्षरांच्या काठाकडं बघत राहिले. मला वाटलं आता डोळ्यात पाणी-बिणी. कसलं काय, गाईडला विचारतात, "पदवी दिली ते ऱ्हाऊ दे, पगार किती दिला?" सगळा ग्रुप हसला, गाईडही हसला. आबा हसले नाहीत, त्यांना खरंच माहिती पाहिजे होती. मग पुढचा प्रश्न, हाताखाली माणसं किती होती? त्यांची नावं कुठं हायत?

गाईड म्हणाला, अज्जा, तुम्ही सकाळी या, निवांत बोलू.

देवळाबाहेर बायका टोपलीत भाकरी घेऊन बसतात, ज्वारीची कडक भाकरी, एण्णगायी म्हणजे आपली भरली वांगी, शेंगाचटणी आणि छोट्या मडक्यातलं दही. जेवणाला असे साडेतीन वाजले. आबांनी दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि जेवण झाल्या झाल्या परत आत निघाले, तिकीट एकदाच काढलंय तर काय झालं म्हणून. गेटवरच्या माणसानं सोडलं, तो पण बघत होता दुपारपासून.

बदामी तिथून २२ किलोमीटर. मी गाडी दाबली, पण रस्त्यात उसाचा ट्रॅक्टर, दोन-दोन ट्रॉल्या मागं, ओव्हरटेकला जागा नाही. पोचलो तर लेण्यांचं तिकीट बंद झालेलं. मुलगा दोन मिनिटं काही बोललाच नाही. तिसरं लेणं त्याला खास बघायचं होतं, शके ५०० चा, म्हणजे इसवी सन ५७८ चा मंगलेशाचा लेख असलेलं, आयटीतला असला तरी वाचून आलेला होता बिचारा. शेवटी म्हणाला, "आप्पा, तुमच्यामुळं बदामी गेली." आबा म्हणाले, "कुठं गेली? हाय की समोर." आणि खरंच समोर होती, अगस्त्य तळ्याच्या काठानं भूतनाथाच्या देवळाकडं चालत गेलो, तिथून सगळा डोंगर दिसतो, तांबडा लाल. फोटो चांगले आले, त्यावर तो थोडा निवळला. बनशंकरी मात्र राहिली ती राहिलीच, देवीला गाडीतनंच हात जोडले.

परत येताना रामदुर्गवरनं आलो. मुलगा मागं झोपला, आबा पुढं येऊन बसले आणि मला झोप येऊ नये म्हणून की काय, बोलत राहिले. त्यांच्या वडलांनी म्हणे कुणाचं घर बांधताना चौकटीच्या दगडावर आपली खूण काढली होती, एक छोटी छिन्नी, आणि मालकानं ती घासून काढायला लावली होती. हे सांगून झाल्यावर बराच वेळ फक्त दर विचारत राहिले, डिझेल काय भाव, गाडीचा हप्ता किती, मला त्यातनं सुटतं किती. मी खरे आकडे सांगितले, असल्या माणसाला काय लपवायचं.

घरी सोडलं तेव्हा साडेदहा होऊन गेले होते. मुलानं हिशोब पुरा केला, जास्तीच्या तासांचे पण दिले, बदामी हुकल्याचं परत एकदा बोलून दाखवलं, ते चालायचंच. आबा जाता जाता गाडीच्या खिडकीशी आले आणि म्हणाले, आमच्यात दगडाचं काम केलेली पाच-सहा जणं हायत अजून, दोघं महाराष्ट्राच्या हद्दीत ऱ्हात्यात, त्यास्नी घिऊन जायचंय, मोठी गाडी हाय का? म्हटलं आहे, एर्टिगा आणतो, पण किलोमीटर तेवढेच लागणार आणि ह्या वेळेला बदामी आधी करू.

"बदामी नगं," म्हणाले. "नुस्तं पट्टदकल. सकाळी सोडायचं, अंधार पडला की न्यायला यायचं."

मी म्हटलं आबा, दिवसभर तिथं थांबायचं तर वेटिंग लागेल. तर म्हणतात, तू बी आत ये की मग, वेटिंग कशाला लावतोस.