एक गोल्ड

कालपासून एक चुटपुट लागून राहिली आहे. ‘सिव्हिलायझेशन ४’ (सिव्ह ४) या कॉम्प्युटर गेममध्ये कॅथरीनकडे, संगणक चालवतो त्या शेजारच्या राणीकडे, एक गोल्ड (तिथलं चलन) मागितलं आणि तिने ते दिलं. माझ्या खजिन्यात तीनशेच्या वर पडून होतं, तरी मागितलं.

टर्न, म्हणजे माझी पाळी, संपवण्याआधी सवयीने तिच्याशी बोलणी उघडली होती. तिला कुणावर युद्ध पुकारायला सांगता येईल त्या यादीत मॉन्टेझुमा या दुसऱ्या नेत्याचं नाव लाल, म्हणजे ती तयार नाही. त्यावर माउस नेला तर ‘सध्या आमच्या हातात पुरेसं काम आहे’ या अर्थाचं ते वाक्य. नाव लाल असण्याची इतरही कारणं असतात. कधी तो तिचा मित्र असतो, कधी तिला त्यात फायदा दिसत नाही. पण हे वाक्य आलं आणि ती कुणाशीही लढत नसली, तर सैन्याची जमवाजमव सुरू झाली असं समजायचं. कुणावर, ते मात्र लिहिलेलं नसतं. नकाशावर तिला लागून मीच आहे.

आणि चेहरा हसरा. माझ्याबद्दलच्या तिच्या मताची बेरीज अधिक सहा: खुल्या सीमांचा एक, शांततेच्या वर्षांचे दोन, रास्त व्यापाराचे चार, भिडलेल्या हद्दींचा उणे एक. सिव्ह ४ मध्ये अधिक तीनपासून ‘खूश’ आणि दहापासून ‘मित्र’. चार गुण कमी पडले. गेममधले गांधी किंवा मान्सा मुसा खूश असताना तुमच्यावर चढाईचा बेत आखत नाहीत, कॅथरीन आखते. प्रत्येक नेत्याची ही रेघ वेगळी आहे, हे पाठ आहे मला. तरीही वाईट वाटलं. इतके टर्न घोडे दिले तिला. तिच्या शत्रूशी एक सौदा केला नाही. सगळं पाण्यात गेल्यासारखं वाटलं आणि बराच वेळ टर्न पुढे ढकलवेना.

मग तेच केलं, जे २००७ च्या ‘बियाँड द स्वॉर्ड’ या गेमच्या विस्तारात करता येतं. तिच्या बाजूने एक गोल्ड टेबलावर घ्यायचं, आपली बाजू रिकामी ठेवायची आणि मदत म्हणून मागायचं. तिने हो म्हटलं की दोघांमध्ये दहा टर्नांचा शांतता करार आपोआप लागू होतो. तेवढ्या काळात तिला हल्ला करता येत नाही. रक्कम मोठी असली तर नकाराची शक्यता वाढते, म्हणून एकच. आणि हे लाल वाक्य दिसत असतानाही चालतं.

तिने दिलं. तिथेच मी ओशाळले, आणि ते अजून जात नाही. गरज नसताना हात पसरला म्हणून? की तिने खळखळ न करता दिलं म्हणून? फसवलं कुणी कुणाला, हेच नीट मांडता येत नाही. ती हसून तयारी करत होती हे खरं. पण माझे घोडे तरी कुठे प्रेमाने गेले होते? कोणता शेजारी सर्वांत शेवटी उलटेल याचा हिशेब मी पहिल्या शंभर टर्नांतच केला होता. तो हिशेब चुकला, त्याचं दुःख मी मैत्रीच्या नावावर घातलं.

 

सिव्ह ४ चा प्रमुख डिझायनर सोरेन जॉन्सन. संगणकाच्या बाजूने खेळणारा एआयही त्यानेच लिहिला. २००८ च्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समधलं त्याचं भाषण हरण्यासाठी खेळणाऱ्या एआयबद्दल होतं. ते आठवलं आणि थोडं शांत वाटलं. जिंकण्यासाठीच खेळणारी कॅथरीन विचारल्यावर हात गुंतलेत असं कशाला सांगेल? ही सांगते. दर टर्नला विचारलं तर दर टर्नला सांगते. इतकं तर मी तिला कधी सांगितलेलं नाही.

आता भेटी देऊन उपयोग नाही, एकदा सुरू झालेली तयारी सहसा त्याने थांबत नाही. तिला दुसऱ्यावर सोडायचं तर ते लाल होण्याआधी करायला हवं होतं, तेव्हा एखादं तंत्रज्ञान देऊन ती मॉन्टेझुमावर गेलीही असती. आता उरले दहा टर्न. सीमेवरचं शहर टेकडीवर आहे, तटबंदी तीन टर्नांत होईल. लाँगबोमन, म्हणजे लांब धनुष्यवाले, चार तरी हवेत. नुसत्या तिरंदाजांवर भिस्त ठेवून शहर जातं, कारण तिचा स्टॅक, म्हणजे एकाच चौकोनात एकत्र चालणारं सैन्य, शेजारच्या चौकोनात उतरला की तो तिथेच फोडावा लागतो. दोन कॅटापल्ट (दगडफेकी यंत्रं) आधी सोडायचे. ते बहुधा मरतात, पण एका धडकेत स्टॅकमधल्या अनेकांना जखमी करून जातात. मग मागून पाइकमन, म्हणजे लांब भालेवाले, तिच्या घोडेस्वारांवर.

घोडेस्वार माझ्याच घोड्यांवरचे असतील. तो सौदा आज रद्द केला. करताना पुन्हा तसंच ओशाळं वाटलं, पण केला. तिचं एक गोल्ड खजिन्यात मिसळून गेलंय, वेगळं दिसत नाही. आठ टर्न राहिले. तटबंदीला अजून एक.