काळी माती, नायलॉन आणि ४ टक्के

परवा लॅबमध्ये नवीन आलेल्या एका मुलाने विचारलं, "ताई, नॅनो पार्टिकल टाकले की प्लास्टिक स्ट्राँग होतंच ना?" मी तेव्हा मशीनला सॅम्पल लावत होते, म्हटलं थांब, संध्याकाळी सांगते, आणि संध्याकाळी चहाला बसलो ते दीड तास उठलोच नाही. तेच इथे लिहून ठेवतेय, कारण हा प्रश्न दरवर्षी कोणीतरी विचारतंच आणि त्याला नुसतं "हो" म्हटलं तर पुढे त्या पोराचे सहा महिने वाया जातात.

सुरुवात जपानपासूनच करावी लागते. नागोयाजवळ टोयोटाची सेंट्रल रिसर्च लॅब आहे, तिथल्या लोकांनी १९८० च्या दशकाच्या शेवटी नायलॉन-६ मध्ये माती मिसळली. खरीखुरी माती, माँटमोरिलोनाइट नावाची, आणि तीही वजनाने फक्त ४ टक्क्यांच्या आसपास. १९९३ मध्ये त्यांचे पेपर आले, त्यातले आकडे मला आजही पाठ आहेत. साध्या नायलॉनची टेन्साइल स्ट्रेंथ, म्हणजे ओढल्यावर तुटेपर्यंत सोसलेला ताण, ६९ मेगापास्कल होती ती १०७ झाली, मॉड्युलस १.१ गिगापास्कलचा २.१ झाला म्हणजे ताठपणा जवळपास डबल, आणि भार ठेवून तापवत नेलं की पट्टी ज्या तापमानाला वाकते ते ६५ डिग्रीवरून थेट १४५ च्या घरात. त्यांनी त्यातून टायमिंग बेल्टचं कव्हर बनवून गाडीत बसवलंसुद्धा.

ज्यांनी ग्लास फिल्ड, म्हणजे काचेचे तंतू घातलेलं नायलॉन चालवलंय त्यांना यातलं महत्त्व लगेच कळेल. नुसत्या ताठपणात ३० टक्के काचवालं नायलॉन अजूनही पुढेच आहे, ते मान्यच करायला हवं, पण तेवढी काच घातली की पार्ट जड होतो आणि मशीनचा स्क्रू, बॅरल, मोल्ड सगळंच घासत जातं. इथे चिमूटभर मातीत मॉड्युलस डबल होतोय.

आता ही माती काय चीज आहे ते सांगते, कारण मी परभणीकडची आणि हे वाचलं तेव्हा मला एकदम आमचं शेतच आठवलं. माँटमोरिलोनाइट हे नाव फ्रान्समधल्या माँटमोरिलॉन गावावरून पडलंय, पण आपल्याकडे बेसाल्ट झिजून जी काळी कापसाची जमीन झालीय तिच्यातही याच कुळातली खनिजं भरपूर आहेत. मे महिन्यात त्या जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि मृगाचे दोन चांगले पाऊस झाले की तीच जमीन फुगते, भेगा बुजतात आणि चिखल चपलेला असा धरतो की पाय उचलत नाही. हे होतं कारण ही माती म्हणजे १ नॅनोमीटर (मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) जाडीच्या पापुद्र्यांची चळत असते आणि पाणी त्या पापुद्र्यांच्या मधे शिरतं. टोयोटावाल्यांनी जिथून पाणी शिरतं त्याच वाटेने नायलॉन आत घातलं! पापुद्र्यांच्या मधे सोडियमचे आयन असतात ते काढून तिथे सेंद्रिय रेणू बसवले, म्हणजे पाण्याची ओढ असलेली माती नायलॉनशीही जमवून घेईल, मग नायलॉनचा कच्चा माल कॅप्रोलॅक्टम मधे शिरवला आणि तिथेच त्याचं नायलॉन होऊ दिलं. साखळ्या वाढत गेल्या तसे पापुद्रे एकमेकांपासून लांब ढकलले गेले आणि चळत मोडून एकेक पापुद्रा सुटा झाला.

हे सुटं होणं हीच खरी गोष्ट आहे. पूर्ण सुटी झाली तर १ ग्रॅम मातीचा पृष्ठभाग ७०० चौरस मीटरच्या वर जातो, म्हणजे पाच-सहा कबड्डीची मैदानं होतील एवढा. त्या सगळ्या पृष्ठभागाला नायलॉनच्या साखळ्या चिकटलेल्या, त्यांना मोकळेपणी सरकता येत नाही, आणि ताण आला की तो पापुद्र्यावर जातो जो प्लास्टिकपेक्षा कितीतरी ताठ आहे. शिवाय पापुद्रा पातळ आणि पसरट, जाडीच्या शंभरपट रुंद, त्यामुळे भार घ्यायला भरपूर जागा मिळते.

आणि सुटी नाही झाली तर काय होतं ते मी एमटेकच्या प्रोजेक्टला बघितलंय. इपॉक्सीत, म्हणजे घट्ट होऊन कडक बनणाऱ्या रेझिनमध्ये, १, ३ आणि ५ टक्के नॅनोक्ले (हीच माती) अशा तीन बॅच केल्या, सोनिकेटरला (ध्वनिलहरींनी गोळे फोडणारं मशीन) नंबर लागत नव्हता म्हणून साध्या स्टररवरच जास्त वेळ ढवळलं आणि मनाचं समाधान करून घेतलं. ५ टक्क्याचं मिश्रण पिठल्यासारखं घट्ट झालं, व्हॅक्यूम लावूनही बुडबुडे निघेनात. यूटीएमवर, म्हणजे पट्टी ओढून तोडायच्या मशीनवर, लावलं तर मॉड्युलस छान वाढलेला, मी खुश, आणि तेवढ्यात टक् आवाज आला आणि पट्टी तुटली, साध्या इपॉक्सीच्याही आधी. पाचच्या पाच पट्ट्यांचं तेच. मग तुटलेला तुकडा भिंगाखाली धरला तर एका कडेला रव्याच्या कणीएवढा मळकट ठिपका, त्याच्याभोवती आरशासारखा गुळगुळीत भाग आणि तिथून पुढे किरणांसारख्या रेघा बाहेर पसरलेल्या. भेग कुठून सुरू झाली ते त्या पृष्ठभागावर सरळ लिहिलेलं होतं. तो ठिपका म्हणजे न सुटलेल्या मातीचा गोळा, नॅनो म्हणून घातलेला आणि डोळ्याला दिसणारा.

त्या मुलाला मी हेच सांगितलं की मॉड्युलस हा सगळ्या पट्टीचा मिळून असतो, माती गोळ्यात असली तरी थोडाफार वाढतोच, पण ठिसूळ मालात स्ट्रेंथ ठरवतो तो पट्टीतला सगळ्यात वाईट ठिपका. म्हणून नुसता मॉड्युलसचा ग्राफ बघून डिस्पर्शन (माती सुटी होऊन पसरणं) चांगलं झालं असं म्हणायचं नाही. एक्सआरडीत (एक्स-रेने थरांमधलं अंतर बघायची चाचणी) मातीच्या चळतीचा पीक गायब झाला तरी लगेच नाचायचं नाही, कमी माती असली किंवा चळत वेडीवाकडी झाली तरी पीक दिसेनासा होतो, टीईएमचा, म्हणजे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचा, फोटो काढायलाच लागतो.

अजून एक, ताठपणा फुकट मिळत नाही. पापुद्र्यांनी साखळ्या धरून ठेवल्या की माल कमी ताणला जातो, त्यामुळे ज्या पार्टला वाकून परत यायचंय, समजा एखादी क्लिप, तिथे मी क्ले सुचवणार नाही. गोल कणांचं गणित वेगळं. इपॉक्सीत २० नॅनोमीटरच्या आसपासचे सिलिकाचे कण नीट पसरले तर भेग जवळ येताना कण रेझिनपासून सुटतात, भोवती पोकळी होते, तिथलं रेझिन ताणलं जातं आणि भेगेची एनर्जी त्यात खर्च होते, म्हणजे चिवटपणा वाढतो. आणि रबरात तर हे शंभर वर्षांहून जुनं आहे, टायर काळा असतो तो कार्बन ब्लॅकमुळे (काजळीसारखी बारीक पूड), नुसतं एसबीआर नावाचं कृत्रिम रबर २-३ मेगापास्कलला तुटतं आणि तेच कार्बन ब्लॅक घातल्यावर २० च्या वर जातं. त्यामुळे "नॅनो टाकलं" एवढ्याने काहीच कळत नाही. कशात टाकलं, कोणत्या आकाराचं, पृष्ठभागावर काय लावून आणि कसं मिसळून, हे चारही सांग मग मी तुला काय होईल त्याचा अंदाज सांगते.

त्याचे नायलॉनचे दाणे आत्ता ८० डिग्रीला व्हॅक्यूम ओव्हनमध्ये वाळतायत, ओले राहिले तर मोल्डिंगमध्ये साखळ्याच तुटतील आणि दोष मातीवर जाईल. उद्या पट्ट्या काढायच्या. त्याला एवढंच बजावलंय की तुटलेले तुकडे टाकायचे नाहीत, बॅच नंबर लिहून पाकिटात ठेवायचे, आणि तुटलेल्या तोंडाला बोट लावायचं नाही.