फ्रिज कशावर चालवायचा? ठाणे–उरण–खारघर, दोन रात्री आणि एक उतरलेली बॅटरी

"साहेब, हा फ्रिज कशावरही चालतो. बॅटरी, लाइट, गॅस. टेन्शनच नाही." घोडबंदर रोडवर किल्ली हातात देताना गाडीच्या मालकाने हे सांगितलं आणि ते शंभर टक्के खरं होतं. कधी कशावर चालवायचा, तेवढं त्याने सांगितलं नाही आणि मलाही विचारायचं सुचलं नाही.

मे महिन्यात आईला घेऊन कॅम्पर व्हॅनने (राहण्या-झोपण्याची सोय असलेली गाडी) तळकोकणात जायचं ठरतंय. त्याची रंगीत तालीम म्हणून मार्चअखेरीस घराजवळच दोन रात्री काढल्या. ठाण्याहून ऐरोली, पाम बीच रोड, बेलापूर, उरण. दुसरी रात्र खारघरला सासुरवाडीच्या सोसायटीत आणि तळोजा, शिळफाटा, मुंब्रा बायपासने परत. आमची गाडी भाड्याची. मेहुणाही त्याच्या गाडीने सोबत, ती त्याची स्वतःची, त्यानेच सजवलेली. आमच्याकडे तीन प्रकारे चालणारा जुना परदेशी फ्रिज, त्याच्याकडे १२ व्होल्टवर चालणारा, घरच्या फ्रिजसारखा कॉम्प्रेसरवाला. सोबत आईचं इन्सुलिन. ते नसतं तर हा मजकूर लिहिलाही नसता. कोमट ताक काय, पिता येतं.

आधी आमच्या फ्रिजबद्दल, कारण पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला. यात कॉम्प्रेसर नाही, मोटर नाही, काही हलत नाही, आवाज शून्य. मागच्या नळ्यांत अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन कायमचे बंद केलेले असतात. खाली उष्णता दिली की पाण्यातला अमोनिया वाफ होऊन वर जातो, थंड होऊन द्रव होतो, हायड्रोजनच्या सोबतीत पुन्हा वाफ होताना आतली उष्णता शोषतो आणि पाण्यात विरघळून खाली येतो. १९२२ मध्ये प्लाटेन आणि मुंटर्स या दोन स्वीडिश विद्यार्थ्यांनी हे शोधलं. हॉटेलच्या खोलीतला मुका मिनीबार बहुधा याच जातीचा. आईला समजावून सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे बुडाला आग लावायची आणि वर बर्फ? उद्या सांगशील विहीर उलटी टांगली की पाणी येतं."

आग कशाची, हे फ्रिजला कळत नाही. १२ व्होल्टचं हीटर, २३० व्होल्टचं हीटर किंवा गॅसची ज्योत, नळी तापली म्हणजे झालं. पण गाडीला फरक पडतो, आणि चांगलाच पडतो. आमचं १२ व्होल्टचं हीटर १३० वॉटचं, म्हणजे जवळजवळ ११ अँपिअर, तेही अखंड. या जुन्या मॉडेलमध्ये बॅटरीवर असताना थर्मोस्टॅट लागूच होत नाही. इंजिन चालू असेल तर अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज बनवणारं यंत्र) हे सहज पुरवतो. इंजिन बंद केलं की तो भार थेट बॅटरीवर. आमच्या गाडीत ६५ अँपिअर-अवरची एकच बॅटरी होती. भागाकार करा, मी केला नव्हता.

शुक्रवारी सकाळी निघालो. बेलापूरच्या दिवाळे बाजारात कोळंबी आणि ओले बोंबील घेतले आणि पहिली चूक तिथेच केली: मासळी पिशवीसकट फ्रिजमध्ये कोंबली. हा फ्रिज ताकदीने थंड करणारा नव्हेच, आधी थंड केलेलं थंड ठेवणारा आहे. रिकाम्यालाच गार व्हायला सहा-आठ तास लागतात. निघण्याच्या आदल्या संध्याकाळपासून तो घरच्या प्लगवर लावायला हवा होता, तो मी सकाळी सहाला लावला. कारण सोसायटीच्या पार्किंगमध्ये वायर ओढायची म्हणजे आधी सेक्रेटरींशी बोलणं आलं. (ईव्ही चार्जिंगचा १५ अँपिअरचा पॉइंट असेल तर तो मागून घ्या, मीटर लागलेला असल्याने कोणी कुरकुरत नाही.)

फ्रिजमध्ये तारेवाला छोटा थर्मामीटर सोडला होता. गव्हाण फाट्याला दुपारी बाहेर ३५ अंश, आत १४. फ्रिज बिघडला असं वाटलं, पण तो त्याच्या कुवतीइतकं काम करत होता. असे फ्रिज बाहेरच्या तापमानाच्या साधारण २० ते २५ अंश खाली जातात. युरोपातल्या १८ अंशांच्या दुपारी ठीकच आहे. आपल्याकडे मार्चमध्ये इन्सुलिनला लागणारे २ ते ८ अंश दिवसा विसरायचे. आईचा न उघडलेला साठा तिथल्या तिथे मेहुण्याच्या गाडीत हलवला. त्याचा फ्रिज ४ अंशांवर लावलेला होता आणि ४ दाखवत होता. एकच काळजी घेतली: कॉम्प्रेसरवाल्या फ्रिजच्या भिंतीला चिकटलेली वस्तू गोठू शकते आणि गोठलेलं इन्सुलिन फेकूनच द्यावं लागतं. म्हणून इन्सुलिनची पेनं नॅपकिनमध्ये गुंडाळून, डब्यात घालून मधोमध ठेवली. वापरातलं पेन बाहेर ठेवलं तरी चालतं. किती अंशांपर्यंत आणि किती दिवस, ते पाकिटावर छापलेलं असतं.

जेएनपीटीच्या रस्त्यावर चहाला थांबलो. शेजारी रीफर कंटेनरचा, म्हणजे थंड मालाच्या डब्याचा ट्रेलर, त्याचा जेनसेट (जनरेटर) घरघरतोय. आमच्या दोन फ्रिजांची तुलना ऐकून त्याचा ड्रायव्हर हसला. त्याच्या डब्याचंही तेच: जहाजावर जहाजाचा प्लग, बंदरात बंदराचा, रस्त्यावर डिझेल जेनसेट, ४४० व्होल्ट, थ्री-फेज. "माल खराब होतो ना साहेब, तो चालताना नाही होत. एक प्लग काढून दुसरा लावायला विसरलं की होतो." चहाचे पैसे मी दिले. तो सल्ला मी रात्री नऊपर्यंत लक्षात ठेवला.

मुक्काम उरणला, पिरवाडी किनाऱ्याजवळ एका वाडीच्या आवारात, मालकाला विचारून. इंजिन बंद, प्लग नाही, म्हणजे गॅस. फ्रिजच्या तळाशी नखाएवढी काच असते, तिच्यातून ज्योत दिसते. जमिनीवर पालथं पडायचं, एका हाताने नॉब दाबून धरायचा, दुसऱ्याने इग्निशनचं बटण टक-टक मारायचं आणि डोळा काचेला. पेटली की सुईच्या टोकाएवढी निळी ज्योत. मग नॉब अर्धा मिनिट दाबूनच ठेवायचा, कारण शेजारचा थर्मोकपल (ज्योतीची उष्णता ओळखणारी तार) तापल्याशिवाय व्हॉल्व्ह गॅस धरून ठेवत नाही. ज्योत विझली तर हाच व्हॉल्व्ह गॅस तोडतो, म्हणून तो नीट चालतो ना हे गाडी घेतानाच बघा. माझी ज्योत तीनदा पेटली आणि तीनदा विझली. समुद्राचा वारा बाहेरच्या जाळीतून सरळ आत. उपाय सोपा होता: गाडी वळवून जाळी वाऱ्याच्या आडोशाला घ्यायची. पण आई झोपलेली, मी घामाघूम, नाकात बोंबलाचा वास. नॉब फिरवला बॅटरीवर आणि म्हटलं, एका रात्रीने काय होतंय.

सकाळी साडेसहाला किल्ली फिरवली. कट. पुन्हा कट. डॅशबोर्डचे दिवेसुद्धा पिवळट. मेहुणा दात घासत आला, ब्रश तोंडात ठेवूनच त्याने बोनेट उघडलं आणि मल्टिमीटर लावला: १०.९ व्होल्ट. त्याच्याकडे जंपर केबल नव्हती, माझ्याकडेही नव्हती. शेवटी मासळीच्या टेम्पोवाल्याने चालू करून दिली. पैसे घेतले नाहीत, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "एवढी मोठी गाडी, आणि फ्रिजने मारली?"

खरं तर नीट जोडलेल्या गाडीत हे होऊच नये. फ्रिजच्या १२ व्होल्टच्या वायरमध्ये रिले असतो. इंजिन बंद झालं की तो ती वायर तोडतो. आमच्या गाडीत वायर थेट बॅटरीवर होती. भाड्याने गाडी घेताना एवढं करा: इंजिन चालू ठेवून फ्रिज १२ व्होल्टवर लावा, इंजिन बंद करा आणि फ्रिजचा दिवा विझतो का पाहा. नाही विझला तर हँडब्रेक ओढला की नॉब बॅटरीवरून काढायचा, हे काम घरातल्या एकाला नेमून द्या. आमच्याकडे आता ते काम बायकोने घेतलंय, कारण माझ्यावर विश्वास उरलेला नाही.

खारघरला सासऱ्यांच्या सोसायटीत वॉचमनच्या केबिनमधून पंधरा मीटरची एक्स्टेंशन ओढली. लाइट आहे म्हणजे प्रश्न मिटला? फ्रिजच्या टोकाला मल्टिमीटरने १८८ व्होल्ट दाखवले. हीटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाने घटते, त्यामुळे १३५ वॉटचं हीटर ९० वॉटवर रडतखडत चाललं होतं. वायर बारीक, वर तिचं भेंडोळं तसंच गुंडाळलेलं आणि हाताला गरम. सगळी उलगडली, केबिनमधला पंखा दुसऱ्या प्लगवर गेला, तेव्हा २१० आले. एक्स्टेंशन जाड घ्या, अर्थिंगसह तीन पिनची घ्या आणि पूर्ण उलगडा.

तरी आत गार होईना. तेव्हा आठवलं की गाडी रॅम्पच्या उतारावर उभी आहे. या फ्रिजमधला द्रव फक्त उतारानेच वाहतो, पंप नाही. गाडी दोन-तीन अंशांपेक्षा जास्त कलली की तो नळीत अडकतो आणि हीटर मात्र तापवतच राहतो. असं बराच वेळ चाललं तर फ्रिज कायमचा जातो. चालत्या गाडीत द्रव इकडून तिकडे हिंदकळतो, म्हणून तिथे बिघडत नाही. सासऱ्यांच्या माळ्यावर गवंड्याची जुनी पाणसळ सापडली. ती फ्रिजच्या आत ठेवून, पुढच्या चाकांखाली फळ्या सरकवून बुडबुडा मधोमध आणला. पहाटे बाहेर २५ होतं तेव्हा आत ५. पहिल्यांदाच.

आता मेहुण्याचं. त्याचा फ्रिज म्हणजे ४० लिटरचा डबा, चालताना ४५ वॉट, उकाड्यात साधारण अर्धा वेळ चालतो. म्हणजे दिवसाला ५४० वॉट-अवर, १२ व्होल्टवर ४५ अँपिअर-अवर. शंभर अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी त्याला सव्वादोन दिवस पुरते. छतावर १५० वॉटचं सोलर पॅनल. कडक उन्हात ते रोजचा खर्च जेमतेम भरून काढतं. पिरवाडीला मात्र त्याने सावलीसाठी गाडी आंब्याखाली लावली आणि पॅनलने जवळपास काही दिलं नाही. एका फांदीची सावलीही उत्पादन पार खाली आणते. तर गाडी सावलीत आणि पॅनल उन्हात हवं असेल, तर पॅनल सुटं घ्या आणि लांब वायर ठेवा.

त्याचा आधीचा एक धडा फुकटात घ्या. सुरुवातीला त्याने डबा सिगारेट लायटरच्या सॉकेटला जोडला होता, सहा मीटर दीड चौरस मिलिमीटरची वायर. बॅटरी भरलेली, तरी डबा वारंवार बंद. जाता-येता बारा मीटर तांब्यात ५ अँपिअरला पाऊण व्होल्टच्या आसपास गळतो, सुरू होतानाच्या झटक्यात आणखी. आणि डब्याला वाटतं बॅटरीच संपली. बॅटरीपासून थेट चार चौरस मिलिमीटरची वायर आणि बॅटरीजवळ फ्यूज टाकल्यापासून तक्रार नाही. नव्या बऱ्याच गाड्यांत अल्टरनेटर स्मार्ट असतो, बॅटरी भरल्यासारखी वाटली की व्होल्टेज उतरवतो. तिथे फ्रिजसाठीची दुसरी बॅटरी साध्या रिलेने पुरेशी भरत नाही, डीसी-डीसी चार्जर (व्होल्टेज हवं तेवढं चढवून बॅटरी भरणारा) लागतो.

मला मध्येच सुचलेली युक्ती, की आपला फ्रिज इन्व्हर्टर लावून २३० वर चालवावा, ती मेहुण्याने ऐकूनही घेतली नाही. तेच १३५ वॉट शेवटी बॅटरीतूनच जाणार, वर इन्व्हर्टरची दलाली.

गॅसबद्दल जपून लिहितो, कारण इथे चूक परवडत नाही. खर्च किरकोळ, दिवसाला २५० ते ३०० ग्रॅम. ५ किलोचा सिलिंडर पंधरा दिवस पुरावा. पण एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर तळाशी साचतो. सिलिंडरचा कप्पा आतून बंद आणि खाली बाहेर उघडणारं भोक असलेलाच हवा. घरचा लाल सिलिंडर उचलून गाडीत टाकू नका. गाडी चालताना गॅस सिलिंडरपाशी बंद. पेट्रोल पंपावर वळण्याआधी, आणि रो-रोवर (गाड्या नेणाऱ्या बोटीवर) चढण्याआधी ज्योत विझलेली आहे हे काचेतून डोळ्यांनी पाहा, नॉबवर भरवसा नको.

मेमध्ये आम्ही हीच गाडी नेणार नाही. कॉम्प्रेसरवाली मिळाली तर ती, नाहीतर ही आणि इन्सुलिनसाठी मेहुण्याचा डबा उसना. मासळी थर्माकोलच्या खोक्यात, बाजारातल्याच बर्फावर.

रविवारी गाडी परत करताना फ्रिज सोड्याच्या पाण्याने पुसला, दारात घडी केलेला नॅपकिन अडकवून ते फटभर उघडं ठेवलं. बंद ठेवलं तर बुरशी येते. बोंबलाचा वास तरीही होताच. मालकाने दार उघडलं, नाक मुरडलं आणि अनामत रकमेतून साफसफाईचे तीनशे कापले. रिलेचं सांगितलं, तर म्हणाला, बघतो.